वहिनी, जाड ऑइल घाला

मराठी घरात दाटपणाला फार मान आहे. दूध दाट हवं, आमटी दाट हवी, आणि लग्नाच्या बोलणीत पातळ चहा मिळाला तर ती हकीकत नातवंडांपर्यंत पोचते. त्यामुळे गाडीच्या इंजिन ऑइलचा विषय निघाला की घरातली सगळी जाणती माणसं जाड ऑइलच्या बाजूने हात वर करतात. आमच्या घरात या पक्षाचं नेतृत्व माझ्या धाकट्या दिरांकडे आहे. भावजी चंद्रपूरला असतात. पुण्यात आले की जिना चढायच्या आधी पार्किंगमध्ये माझी स्कूटर चालू करतात, मान कलती करून ऐकतात आणि निकाल देतात, "वहिनी, आवाज करायला लागली ही. पुढच्या वेळी जाड ऑइल घाला."

मी म्हणते, कंपनीने १०डब्ल्यू-३० सांगितलंय.

"कंपनीला काय कळतं आमच्याकडचं ऊन? अठ्ठेचाळीस अंश बघितलंय का कंपनीने? तुमच्या या पातळ ऑइलचं तिथे पाणी होतं, पाणी!"

माझी स्कूटर मंडई ओलांडून क्वचितच पुढे जाते. ती चंद्रपूरला जाण्याचा संभव नाही. पण चंद्रपूरचा उन्हाळा अंगावर काढलेल्या माणसाशी तापमानावरून वाद घालायची सोय नसते. त्याच्याकडे अनुभव असतो, आपल्याकडे नुसता डबा. तेव्हा म्हटलं, निदान डबा तरी नीट वाचावा.

१०डब्ल्यू-३० हे दिसायला एक माप असलं तरी प्रत्यक्षात ते दोन निरनिराळ्या परीक्षांचे निकाल आहेत. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. पहिल्या परीक्षेत ऑइल कडाक्याच्या थंडीत नेऊन बघतात: इंजिन फिरवता येतं का, आणि पंपाला ते ओढता येतं का. दहाच्या ऑइलला पहिली चाचणी उणे २५ अंश सेल्सिअसला द्यावी लागते, दुसरी उणे ३० ला. पाचच्या ऑइलला त्याहून पाच अंश खाली उतरावं लागतं, शून्याच्या ऑइलला आणखी पाच. वीसचं ऑइल उणे १५ आणि उणे २० वर सुटतं. थोडक्यात, आकडा लहान तितकं थंडीत वाहतं. दुसऱ्या परीक्षेत तेच ऑइल १०० अंशांना तापवून बारीक नळीतून सोडतात आणि खाली उतरायला किती वेळ लागला ते मोजतात. त्यावरून तीस, चाळीस, पन्नास. इथे मोठा आकडा म्हणजे तापल्यावरही जास्त दाट. ही सगळी वर्गवारी एसएई या अमेरिकेतल्या मोटार-अभियंत्यांच्या संस्थेची. संस्था १९०५ ची, ऑइलची पहिली वर्गवारी १९११ ची.

भावजींचा या आकड्यांचा अर्थ वेगळा आहे, आणि तो त्यांच्या एकट्याचा नाही. अर्ध्या महाराष्ट्राचा आहे. "थंड असताना दहा नंबर, तापलं की तीस नंबर. म्हणजे हे ऑइल तापल्यावर घट्ट होतं!" ऐकायला अगदी पटतं. पण तापल्यावर घट्ट होणारं तेल अजून कुणी डब्यात भरलेलं नाही. तापलं की प्रत्येक ऑइल पातळच होतं, चांगलं असो की वाईट. दहा आणि तीस हे दोन वेगळ्या फूटपट्ट्यांवरचे आकडे आहेत, त्यांची आपसात तुलना करायचीच नसते. १०डब्ल्यू-३० चा सरळ अर्थ एवढाच की थंडीत हे दहाच्या वर्गाइतकं वाहतं, आणि १०० अंशांना तापल्यावर तीसच्या वर्गाइतकंच पातळ होतं, त्याखाली घसरत नाही.

आता किती पातळ, ते बघितल्याशिवाय चंद्रपूरला उत्तर देता येणार नाही. दाटपणा मोजायच्या सेंटिस्टोक्स या मापात २० अंशांचं साधं पाणी सुमारे १ असतं. १०० अंशांना तीसचं ऑइल ९.३ ते १२.५ च्या दरम्यान असावं लागतं, चाळीसचं १२.५ ते १६.३, पन्नासचं १६.३ ते २१.९. म्हणजे इंजिन व्यवस्थित तापून कामाला लागलेलं असतं तेव्हा तीसचं ऑइल पाण्याच्या जेमतेम दहा-बारा पट दाट असतं, आणि इंजिन आखणाऱ्याने हाच दाटपणा धरून आखणी केलेली असते. तेच १०डब्ल्यू-३० ऑइल ४० अंशांना साधारण ७० वर असतं. पुण्यात जानेवारीच्या सकाळी १० अंशांना ते साडेतीनशेच्या आसपास जातं. आणि चंद्रपूरला मे महिन्यात, ४७ अंशांत, सावलीत उभ्या केलेल्या गाडीत? पन्नासच्या वर. कामाच्या वेळेला हवं असतं त्याच्या पाचपट दाट!

म्हणजे इंजिनाच्या हिशेबाने चंद्रपूरचा मे महिनासुद्धा हिवाळाच आहे.

हे मी भावजींना फोनवर सांगितलं. पलीकडे बराच वेळ फक्त कूलरचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, "तुम्ही एकदा मेमध्ये या."

त्यांची बाजू अगदीच लंगडी आहे असंही नाही. हवेवर गार होणारं इंजिन, डोक्यावर ऊन, समोर फाटक बंद आणि गाडी पंधरा मिनिटं जागच्या जागी भुरभुरतेय, अशा वेळी ऑइल १०० अंशांच्या पुष्कळ वर जातं. बेअरिंगमध्ये आणि पिस्टनच्या कडेला तर त्याहून जास्त. म्हणूनच एसएईच्या तक्त्यात १५० अंशांची आणखी एक चाचणी असते, ज्यात ऑइलला नुसतं तापवत नाहीत, जोराने घुसळतातही. म्हणूनच बुलेटला १५डब्ल्यू-५० सांगतात. पण ते सांगायचं काम बुलेट बनवणाऱ्यांनी आधीच केलेलं असतं, शेजाऱ्यांनी पुन्हा करायची गरज नसते.

या आकड्यांच्या आधीचा काळ ज्यांनी पाहिला त्यांना "चाळीस नंबर" आठवत असेल. विहिरीवरच्या डिझेल इंजिनाला चाळीस नंबरचं ऑइल, बस, एकच आकडा. तापल्यावर उत्तम. पण द्राक्षाच्या बागा असलेल्या निफाडकडे हिवाळ्यात पारा पाच अंशांच्या खाली जातो, आणि तशा पहाटे चाळीस नंबर पोटात घेऊन झोपलेलं इंजिन उठवायचं म्हणजे हँडलला दोन गडी लागत. एक फिरवायचा, दुसरा डिकॉम्प्रेशनचा खटका धरून "हां, सोडू?" असं विचारत राहायचा. आपण डिसेंबरात खोबरेलाची बाटली उन्हात ठेवतो, तशातलाच हा प्रकार. खोबरेल चोवीस अंशांच्या आसपासच गोठतं. खनिज तेलाला त्यापेक्षा पुष्कळ जास्त थंडी लागते, पण त्यातही मेण असतं, आणि ते धरू लागलं की तेल वाहायचं विसरतं.

यावर तोडगा निघाला तो पॉलिमरचा. लांबच लांब साखळीचे रेणू ऑइलमध्ये मिसळतात. थंडीत ते अंग चोरून वेटोळं करून बसतात, वाहण्याच्या आड येत नाहीत. उष्णता मिळाली की हातपाय पसरतात आणि ऑइलला फार पातळ होऊ देत नाहीत. मूळ तेल पातळ, वरून ही रेणूंची भरती, अशी दोन आकड्यांची, म्हणजे मल्टिग्रेड ऑइलं दुसऱ्या महायुद्धानंतर बाजारात स्थिरावली. उणीव एकच. गिअरच्या दातांत सापडून या साखळ्या तुटतात, आणि ऑइल वापरून वापरून खरोखरच थोडं पातळ पडतं. मोटारसायकलमध्ये इंजिन आणि गिअर एकाच ऑइलवर चालतात, तेव्हा तिथे हे जास्त.

हे पातळ पडलेलं ऑइल ओळखण्याची एक पद्धत आपल्याकडे सर्वमान्य आहे. गॅरेजमध्ये फिटर गाडी स्टँडवर घेतो, खाली कापलेला प्लॅस्टिकचा कॅन सरकवतो, पान्याने ड्रेन बोल्ट सैल करतो आणि शेवटचे दोन आटे बोटांनी फिरवून हात झटकन मागे घेतो, कारण ऑइल गरम असतं. काळी धार सुरू होते. तो त्यातला एक थेंब तर्जनीवर घेतो, अंगठ्याने चोळतो, डोळे बारीक करतो. वासही घेतो. आजूबाजूचं सगळं गॅरेज थांबतं. मग तो माझ्याकडे न बघता माझ्या नवऱ्याकडे बघतो, जो नुसता सोबत आलेला असतो आणि ज्याला डिपस्टिक कुठे असते हेही माहीत नाही, आणि म्हणतो, "साहेब, पातळ पडलंय पार. पाणी झालंय." नवरा गंभीरपणे मान हलवतो.

गरम इंजिनातून नुकतं सोडलेलं ऑइल पातळच लागणार, कालच घातलेलं असलं तरी. दोन बोटांना नऊ सेंटिस्टोक्स आणि बारा सेंटिस्टोक्स यांतला फरक कळत असता तर नाड्या बघणाऱ्या वैद्यांनी शुद्धीकरण कारखाने चालवले असते. आणि काळेपणाचं म्हणाल तर ऑइलमध्ये घातलेलं डिटर्जंट काजळी उचलून धरतं, म्हणून ते काळं दिसतं. काळं पडलं याचा अर्थ ते काम करतंय. पण फिटरच्या त्या चोळण्यात इतकी तन्मयता असते की मध्ये बोलायला जीव होत नाही. किलोमीटर भरले की ऑइल बदलायचं, एवढं धरून ठेवलं की बोटांची परीक्षा झाली काय आणि न झाली काय.

दाट ऑइलवरची ही श्रद्धा मुळात एका चित्रातून येते: धातूवर धातू घासतोय आणि मध्ये ऑइलची गादी आहे, तेव्हा गादी जाड तेवढी बरी. हे चित्र चुकीचं आहे हे १८८३ साली इंग्लंडात बीचम टॉवर नावाच्या अभियंत्याला भलत्याच रीतीने कळलं. तो रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. वरून ऑइल सोडावं म्हणून त्याने बेअरिंगच्या माथ्याला भोक पाडलं. आस फिरू लागल्यावर ऑइल आत जायच्या ऐवजी त्याच भोकातून वर येऊ लागलं. त्याने भोकात बूच ठोकलं. बूच उडालं. लाकडाची खुंटी ठोकली. तीही उडाली. शेवटी त्याने तिथे दाब मोजायचं यंत्र बसवलं, तेव्हा काटा चौरस इंचाला २०० पौंडांच्या पुढे गेला. बेअरिंगवरचा सरासरी भार याच्या निम्म्याच्या आसपास होता. म्हणजे फिरणारा आस स्वतःच ऑइलला ओढून अरुंद जागेत रेटत होता, आणि त्या दाबावर स्वतःच तरंगत होता. १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने याचं गणित मांडलं, आणि त्याच गणितावर आजही बेअरिंग आखतात.

तेव्हा धातूला धातूपासून दूर ठेवणारा तो थर काही मायक्रॉनांचा असतो, केसाच्या जाडीचा लहानसा अंश, आणि तो ऑइलच्या दाटपणाइतकाच वेगावर आणि फटीवर अवलंबून असतो. ऑइल फार पातळ असेल तर थर तुटतो, हे खरं. पण फार दाट असेल तर इंजिन ते ढवळण्यातच पेट्रोल घालवतं, आणि सकाळी गाडी चालू केल्यावर ऑइल वरच्या कॅमपर्यंत पोचायला उशीर लावतं. तेवढ्या वेळात तिथली झीज होऊन जाते. माझ्या मते ऑइल हा इंजिनाचाच एक भाग आहे, वायसरसारखा. वायसर जाड घातला तर बरं असं कुणी म्हणत नाही, मापाचा घाला म्हणतात.

हल्लीचं माप तर दाटपणाच्या भक्तांना बघवणार नाही असं आहे. नव्या पेट्रोल मोटारींना ०डब्ल्यू-२० सर्रास सांगतात, काहींना ०डब्ल्यू-१६. वीसच्या खालचा सोळा हा वर्ग तक्त्यात २०१३ साली आला, आणि २०१५ साली बारा आणि आठ. पुण्यात उणे पस्तीस कोण बघणार, मग शून्य कशाला, असा प्रश्न कुणालाही पडेल. पण आपली दहा अंशांची सकाळही ऑइलला थंडच असते, आणि शून्याचं ऑइल तेव्हा लवकर वर चढतं. शिवाय इंजिनातल्या फटी आता बारीक आहेत, आणि थोडंफार पेट्रोलही वाचतं.

भावजींनी मागच्या वर्षी नवी मोटार घेतली. दाखवायला आणली तेव्हा बॉनेट उघडून ते बॅटरीची ताकद सांगत होते. ऑइल भरायच्या झाकणावर ठसठशीत अक्षरात ०डब्ल्यू-२० लिहिलेलं होतं. बऱ्याच मोटारींच्या झाकणावर असं छापलेलं असतं, फक्त ऑइल बदलताना ते झाकण उलटं करून बॅटरीवर ठेवतात, त्यामुळे कुणाच्या वाचनात येत नाही. मी काही बोलले नाही, बोट दाखवलं. भावजींनी वाकून वाचलं. "ते गाडीचं मॉडेल असेल," ते म्हणाले.

आकडे जुळले म्हणजे काम झालं असंही नाही. पुण्यात नाना पेठेत दुचाकीच्या स्पेअर पार्टची दुकानं आहेत, तिथे काउंटरवर मी १०डब्ल्यू-३० मागितलं तर दुकानदाराने लगेच डबा काढला नाही. "गिअरची की स्कूटर?" हा त्याचा पहिला प्रश्न. कारण स्प्लेंडरला १०डब्ल्यू-३० लागतं आणि अ‍ॅक्टिव्हालाही १०डब्ल्यू-३०, पण डब्यावर खाली बारीक अक्षरात एकीकडे एमए आणि दुसरीकडे एमबी असतं. मोटारसायकलची क्लच ऑइलमध्ये बुडालेली असते, तिला ऑइल फार गुळगुळीत चालत नाही, नाहीतर क्लच घसरते. स्कूटरची क्लच कोरडी, तिला गुळगुळीत चालतं. ही खूण जपानच्या जासो प्रमाणाची, १९९८ पासूनची. मोटारीचं महाग ऑइल उरलंय म्हणून मुलाच्या बाइकमध्ये ओतणारे वडील क्लच-प्लेटच्या धंद्याला मोठा हातभार लावतात.

डबा ९०० मिलीचा आणि इंजिनात जातं त्याहून थोडं कमी. उरलेलं नरसाळ्यासकट गॅरेजमध्ये राहिलं तर फिटरचं. आपण मागून घेतलं तर घरी फाटकाच्या बिजागऱ्या, शिलाई मशीनचं पायडल, कुलपं, आणि कुणाचंही लक्ष नसेल तर मिक्सर. आणि सोडलेलं काळं ऑइल वेगळ्याच प्रवासाला निघतं. सेंट्रिंगच्या फळ्यांना फासतात, वाळवी लागू नये म्हणून गोठ्याच्या वाशांना फासतात, आणि अधूनमधून एखाद्या आंदोलनात ते कुणाच्या तरी डोक्यावर ओतलं गेल्याची बातमी येते. तिथे ग्रेड कुणी विचारत नाही. कायद्याने हा घातक कचरा आहे, गटारात सोडायचा नाही, अधिकृत भंगारवाल्याकडे द्यायचा. फिटरला हे सांगितलं की तो म्हणतो, "ताई, गटारात कोण टाकतंय, विकत घेऊन जातात लोक."

खरं सांगायचं तर ऑइल निवडण्याची सगळ्यात ठाम पद्धत मी माझ्या माहेरी, तालुक्याच्या गावी पाहिली. ट्रॅक्टरचा हंगाम सुरू व्हायच्या आधी शेतकी दुकानासमोर ऑइलच्या वीस लिटरच्या बादल्या रचून ठेवतात. धोतर-टोपीतले एक आजोबा आले. दुकानदाराने त्यांना १५डब्ल्यू-४० कसं डिझेलच्या काजळीला पुरून उरतं, हे नवीन ग्रेडचं आहे, जुन्या ऑइलपेक्षा जास्त तास चालतं, असं सगळं समजावलं. आजोबांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग एका बादलीची कडी उचलून बघितली, बुडाला टिचकी मारली, दुसरी बादली उचलून तिलाही मारली.

"ट्रॅक्टर कोणता आहे, आजोबा?" दुकानदाराने विचारलं.

"ट्रॅक्टरचं पोरगं बघतंय. त्याच पंधरा-चाळिसाचं दे," आजोबा म्हणाले. "पण बादली ही नको, ती दे. हिची कडी पत्र्याची हाय. सूनबाईला न्हाणीघरात लागती."